साठ तोळे चांदीचा हिशेब

पहाटे साडेपाच

कार्तिकातला गारवा आहे. अकोल्याच्या सराफ्यातली दुकानं अजून उघडलेली नाहीत, पण झारेकरी कधीच येऊन बसले आहेत. दुकानांच्या उंबऱ्यांवरून झाडलेली धूळ, नालीचा गाळ, शेगड्यांची राख त्यांनी घमेल्यात गोळा केली आहे. पाणी घालायचं, घमेलं हलक्या हाताने गोल फिरवायचं, वरची माती ओतून द्यायची. जड ते तळाशी राहतं. कधी गुंजभर मिळतं, कधी तेवढंही नाही.

जुन्या दागिन्यांच्या नोंदी करणं हे माझं काम. वजन, धातू, घडण, कोणी घातला, कोणाकडून आला, कुठे झिजला. सध्या इथल्या एका महाविद्यालयाच्या सभागृहात एकोणिसाव्या शतकातल्या वऱ्हाडी दागिन्यांचं प्रदर्शन मांडायचं चाललं आहे आणि त्याच्या पाट्या मला लिहायच्या आहेत. म्हणून या दिवसांत मी सकाळी आधी इकडे येते. एकोणिसाव्या शतकातलं वऱ्हाडातलं सोनं कुठे गेलं, असं कुणी विचारलं तर त्याचं पहिलं उत्तर या रस्त्यावर आहे. ते कुठेच गेलेलं नाही. पणजीची पुतळ्यांची माळ आजीच्या लग्नात मोडून एकदाणी झाली, एकदाणीचा आईच्या वेळी चपलाहार झाला, चपलाहारातून नातीचं आजचं हलकं मंगळसूत्र निघालं. धातू तोच. दर वेळी मुशीत थोडी घट आली आणि या धुळीत मिसळली. म्हणून जो दागिना न मोडता शंभर-सव्वाशे वर्षं टिकला, तो अपवाद. संग्रहालयात आपण अपवाद पाहतो. हे पाहणाऱ्याला सांगितलं नाही तर त्याला वाटतं, त्या काळी सगळ्यांच्याच अंगावर असं होतं.

सकाळी सात

घरी चहा आणि दोन पुस्तकं. एक १८७० सालचं वऱ्हाडचं गॅझेटिअर. ते आल्फ्रेड लायल यांनी तयार केलं. लायल पश्चिम वऱ्हाडचे कमिशनर होते. दुसरं रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचं मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचं चार खंडांचं काम, १९१६ मध्ये निघालेलं. त्यातलं सोनारांवरचं प्रकरण मी पुन्हा पुन्हा काढते. दागिना नुसता शोभेसाठी नाही, धातू अंगाला लागला की बाधेपासून राखण होते, ही समजूत त्यात सविस्तर मांडली आहे. कान का टोचतात, लग्नात कोणता दागिना लागतोच, हेही आहे. साहेबी चष्म्यातून लिहिलेलं असलं तरी सोनाराच्या कामाकडे एवढ्या बारकाईने पाहणारी त्या काळची पुस्तकं फार नाहीत.

पण दागिना आला कुठून, हे कळायला कापसाकडे जावं लागतं. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे गेला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हता तो भाव आला. गाडीच्या चाकांना लोखंडाऐवजी चांदीच्या धावा बसवल्या, अशी गोष्ट त्या दिवसांबद्दल सांगतात. गोष्ट खरी असो नसो, गावात रोकड खेळत होती आणि बँक नावाची वस्तू नव्हती, एवढं तीतून नक्की कळतं. पैसा ठेवायचा तो बायकोच्या पायात, आईच्या गळ्यात, स्वतःच्या कमरेला. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळला. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेली रेल्वे अकोल्यावरून नागपूरला पोचली. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावचा फाटा सुरू करायला आले. कापूस राहिला, कापसाचं वेडंवाकडं अर्थकारणही राहिलं, आणि अंगावरची चांदी हीच घराची शिल्लक राहिली.

सकाळी साडेआठ

सराफ्याच्या मागच्या बोळात एका वयस्कर सोनारकाकांची खोली आहे. समोर ऐरण, बाजूला टाकणखाराची डबी, तार ओढायची जंतरपट्टी, भिंतीला टांगलेली बंकनळी. ती आता हाताळली जात नाही, गॅसची बत्ती आली. नवा माल मुंबई-राजकोटहून तयार येतो. काकांकडे झाळ लावणं, कडी बदलणं, जुनं उजळणं एवढंच उरलं आहे. त्यांच्या वडिलांनी तर याहून वाईट पाहिलं. १९६३ च्या जानेवारीत सुवर्ण नियंत्रण आलं, चौदा कॅरेटपेक्षा शुद्ध सोन्याचा नवा दागिना घडवायला बंदी झाली, आणि वडील काही वर्षं भाजीची गाडी लावत होते. नियंत्रणाचा कायदा १९९० मध्ये उठला, तोवर मुलं दुसऱ्या धंद्यांना लागली होती. वऱ्हाडात घडणीच्या जुन्या रीती कशा विसरल्या गेल्या, याचा विचार करताना ही वर्षं मला एकोणिसाव्या शतकाअखेरच्या दुष्काळांइतकीच महत्त्वाची वाटतात.

आज त्यांच्यापुढे एक चांदीची सरी ठेवली. बाळापूरकडच्या एका घरातून उसनी आणलेली, बारा तोळ्यांची, भरीव. पुढे जाड, मागे निमुळती होत गेलेली, टोकं आकड्यासारखी वळवलेली. काकांनी कसोटीच्या दगडाकडे हात नेला आणि माझ्याकडे बघून मागे घेतला. प्रदर्शनाच्या वस्तूवर आम्ही ओरखडा काढत नाही, हे आता त्यांना पाठ आहे. मग त्यांनी ती नुसती बोटांवर तोलली, खिडकीकडे धरली, मागची बाजू अंगठ्याने चाचपली.

“ताई, हे पाहा. पुढचं नक्षीकाम जसंच्या तसं हाये आन् मागून गुळगुळीत. मानेनं झिजवलं हे. चाळीस वर्षं तरी गळ्यातून काढली नसन तिनं.”

“आणि हे दोन खाचे?”

“छिन्नीचे घाव व्हय ते. आत तांबं तं नाई ना, हे पाह्यलं सावकारानं. दोन घाव, म्हंजे दोन खेपा गहाण पडली. आन् सोडवून आणली दोन्ही खेपा. नाई तं तुमच्या हाती कायले लागती?”

एवढं एका वस्तूने सांगितलं. कुठल्याही राजघराण्याच्या पाचूपेक्षा मला हे दोन घाव मोलाचे वाटतात. पाटीवर आधी घाव येतील, नक्षी नंतर.

दुसरी वस्तू रुपयांची माळ. काळ ठरवायला नाण्यांइतकी सोय दुसरी नाही, मात्र साल वाचून लगेच निकाल देता येत नाही. ईस्ट इंडिया कंपनीचं नाव असलेले १८४० चे रुपये यात तीन आहेत. बाकीच्यांवर १८६२ आहे, आणि तिथेच जपावं लागतं: राणीच्या सरकारने १८६२ हे साल ठशावर घातलं ते पुढे तसंच चालू ठेवलं, पुढचं साल नाण्यावर आलं ते १८७४ मध्ये. त्यामुळे १८६२ चा रुपया १८७० मध्ये पाडलेलाही असू शकतो. १८७७ पासून नाण्यांवर व्हिक्टोरिया ‘राणी’ऐवजी ‘सम्राज्ञी’ झाली. या माळेत सम्राज्ञी एकही नाही. म्हणजे माळ बहुधा १८६२ ते १८७७ या दरम्यान गुंफली गेली, कापसाच्या तेजीच्या वेळी किंवा तिच्या लगेच मागे. प्रत्येक नाण्याला वर कडी झाळली आहे. झाळलेलं नाणं बाजारात चालत नाही, तरीही बाईने ते पत्करलं. तो पैसा खर्चायचा नाही असं तिने ठरवूनच टाकलं होतं.

दोरा मात्र जुना नाही. तो पटवेकऱ्याने अलीकडे बदलून दिला आहे. तेही पाटीवर लिहायचं.

सकाळी अकरा

बाळापूरचा रस्ता. कापसाच्या गाड्या आणि टेम्पो अकोल्याच्या बाजाराकडे निघालेले, बाभळीच्या काट्यांना बोंडातला कापूस अडकलेला. मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावरचा किल्ला लांबून दिसतो. मिर्झाराजे जयसिंगांची छत्री याच गावात आहे. आज थांबायला वेळ नाही. पुढच्या एका खेड्यात एक आजी वाट पाहत बसल्या आहेत. वय विचारलं तर “नव्वदाच्या खाली नाई” म्हणतात.

घरात जुना दागिना एकही नाही, असं त्यांच्या नातवाने आधीच फोनवर सांगितलं होतं. मी तरीही आले, कारण ट्रंकेत एक कागद आहे असंही तो म्हणाला होता. कागद निघाला. पिवळा, घड्यांवर फाटलेला, मोडीत लिहिलेला. शके १८२१, म्हणजे इंग्रजी १८९९-१९००. सावकाराचं नाव मी इथे लिहीत नाही. गहाणाची यादी अशी: तोडे जोडी तोळे ३२, सरी १ तोळे १२, वाळे जोडी तोळे ९, करदोडा १ तोळे ७. एकूण चांदी तोळे ६०. रुपये २५ रोख दिले.

मी मोठ्याने वाचलं. आजी मान हलवत राहिल्या. नंतर म्हणाल्या, “माह्या सासूच्या सासूचं व्हय हे सारं. म्या काई पाह्यली नाई तिले. पण सासू सांगे, तोडे गेले तरी तिच्या घोट्याले त्याचे घट्टे होते, मरेपर्यंत. पोरंसोरं इचारत, आजे, हे काय? ते सांगे, हे माहे तोडे.”

“आणि परत आले नाहीत?”

“कुठून येते माय? पुढच्या साली बैल घ्याले पैसे नोते.”

करदोडा कोणाचा, हे विचारलं. नवऱ्याचा. १८९९-१९०० च्या दुष्काळात पुरुषाच्या कमरेचाही सुटला. दागिन्यांच्या प्रदर्शनांत पुरुष फारसे नसतात, असले तर फेट्यातल्या शिरपेचापुरते. वऱ्हाडातल्या कुणब्याच्या कमरेला चांदीचा करदोडा, मनगटात कडं, कानात भिकबाळी ही मात्र नेहमीची गोष्ट होती. बैलांचंही तसंच. पोळ्याला मठाट्या आणि घुंगरमाळा बाहेर काढताना घरातल्या बायकांच्या दागिन्यांएवढीच काळजी घेतली जाई. आमच्या प्रदर्शनात एक पितळी घुंगरमाळ ठेवायची की नाही यावर वाद आहे. मी ठेवायच्या बाजूची आहे.

कागद घराबाहेर न्यायला आजींनी नकार दिला, आणि बरोबरच केलं. मी तिथेच, अंगणातल्या सावलीत, त्याची छायाचित्रं घेतली. परवानगीच्या फॉर्मवर अंगठा उमटवताना त्या म्हणाल्या, “आमचं नाव नोको लावजो बाई. लोक म्हनतीन, यायच्या घरी आजूक असन.” चोरीची भीती आणि अब्रूची भीती अशा दोन्ही त्या एका वाक्यात होत्या. पाटीवर येईल ते एवढंच: बाळापूर तालुक्यातील एका शेतकरी घरातून.

निघताना आजींनी गरम भाकर आणि ठेचा पुढे केला. न जेवता उठणं या घरात शक्य नव्हतं.

परतीच्या वाटेवर सोनेतारण कर्जाच्या पाट्या एकामागून एक दिसतात. पेरणीच्या आधी गळ्यातलं ठेवायचं, कापूस विकला की सोडवायचं. नातवानेही जूनमध्ये बायकोची पोत ठेवली होती. परवा कापूस गेला, आता सोडवणार आहे. व्याज आता छापील पावतीवर असतं, तारणाचं वजन इलेक्ट्रॉनिक काट्यावर होतं. रीत तीच आहे.

दुपारी दोन

सभागृहात काचपेट्या येऊन पडल्या आहेत. आतून नवा रंग दिला आहे आणि त्याचा वास अजून येतो आहे. मी पेट्या उघड्या ठेवायला लावल्या. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकाच्या वायूंमुळे. रंग, काही लाकडं, लोकरीचं कापड, रबर हे सगळे तिचे शत्रू. उसने आलेले निम्मे दागिने लोकांनी रबरबँड लावून आणि वर्तमानपत्रात गुंडाळून दिले. ते सोडवणं, मांजरपाटाच्या धुतलेल्या, कांजी काढलेल्या तुकड्यात ठेवणं, हातमोजे घालून एकेकाचं वजन करणं यात दुपारचा बराच भाग गेला. मदतीला आलेल्या मुलींना पहिल्यांदा वाटतं, काळी चांदी रिठ्याने घासून लखलखीत करावी. त्यांना सांगावं लागतं: घासलं की जो थर जातो तो चांदीचाच असतो, त्याबरोबर ठशाची कडही जाते. शंभर वर्षं कुणी घासलं नाही म्हणूनच नक्षीच्या खाचेतली काळी रेघ उरली आहे, आणि नक्षी दिसते ती त्या रेघेमुळे.

लाखेवर मढवलेले गोट वेगळ्या पेटीत ठेवले. बाहेरून सोन्याचा पातळ पत्रा, आत लाख. लाख जुनी झाली की तडकते आणि पत्र्याला आधार राहत नाही. ते उचलताना दोन्ही हात लागतात. सोन्याचं म्हणावं असं आमच्याकडे एवढंच आहे. बाकी सोनं घरोघरच्या लॉकरमध्ये राहील आणि इथे त्याची छायाचित्रं लागतील. एवढी राखण करणं आमच्याच्याने होणार नाही.

यावरून इतिहासाच्या सरांशी बोलणं झालं. त्यांचं म्हणणं, लोक सोनं पाहायला येतात. मधोमध लाल मखमल टाकू, त्यावर नथ, ठुशी, वज्रटीक, तन्मणी यांची मोठी छायाचित्रं लावू, चांदी कडेला ठेवू. मखमल नको, हे तर त्यांनी लगेच मान्य केलं. मांडणीवरून मात्र आम्ही बराच वेळ उभे होतो.

माझं म्हणणं मी इथे नीट मांडते, कारण तिथे बोलताना ते तुटक झालं. दागिन्यांची प्रदर्शनं एकोणिसाव्या शतकापासून एकाच रीतीने मांडली जात आहेत. १८५१ चं लंडनचं मोठं प्रदर्शन पाहा. हिंदुस्थानातून गेलेले रत्नजडित दागिने बघायला तिथे गर्दी लोटली. इकडे नागपुरात १८६३ मध्ये मध्यवर्ती संग्रहालय उभं राहिलं, आपण त्याला अजब बंगला म्हणतो. १८६५ च्या डिसेंबरात रिचर्ड टेंपल यांनी नागपुरातच कला, कारागिरी आणि शेतमालाचं प्रदर्शन भरवलं. १८८८ मध्ये त्रैलोक्यनाथ मुखर्जी यांनी ग्लासगोच्या प्रदर्शनासाठी हिंदुस्थानी कारागिरीवर जाडजूड पुस्तक लिहिलं. माल काय, कुठे होतो, हे सगळीकडे सांगितलं. ज्या अंगावर तो होता ते अंग कुठेही नाही. आणि विसाव्या-एकविसाव्या शतकातली मोठी प्रदर्शनं? निजामाचे १७३ दागिने भारत सरकारने १९९५ मध्ये २१८ कोटी रुपयांना घेतले. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात ते अनेकदा मांडले, अलीकडे २०१९ मध्ये. सुमारे १८५ कॅरेटचा जेकब हिरा पाहायला रांग लागते. लागू दे, कारागिरी थोर आहेच. पण त्या खजिन्याशी वऱ्हाडचं नातं आहे, ते कोणत्या पाटीवर आहे? १९०२ च्या करारानंतर वऱ्हाडच्या बदल्यात निजामाला वर्षाला पंचवीस लाख रुपये मिळत. १९३६ पासून त्याच्या युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब होता. ते पंचवीस लाख इथल्या काळ्या जमिनीतून निघत होते. तिकडे हिरे मखमलीवर आहेत आणि इकडे साठ तोळे चांदी मुशीत गेली. या दोन गोष्टी मला एकाच भिंतीवर, शेजारी शेजारी हव्या आहेत.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाने वेगळी वाट दाखवली, हे सरांना मी आवर्जून सांगितलं. दिनकर केळकर कवी होते, ‘अज्ञातवासी’ नावाने लिहीत. त्यांनी घराघरांतून वज्र्या, फण्या, कुंकवाचे करंडे, अडकित्ते गोळा केले. कुणीतरी रोज हातात धरलेल्या त्या वस्तू. १९७५ मध्ये तो संग्रह त्यांनी महाराष्ट्राला देऊन टाकला. टाच घासायची पितळी वज्री त्यांना संग्रहालयाच्या तोलाची वाटली. त्या नजरेने अकोल्यात चांदी मांडायची आहे.

सर म्हणाले, विचार करतो.

दुपारी साडेचार

वाशीमकडच्या एका बंजारा तांड्यावरून याडी (बंजारा बोलीत आई) आल्या, सोबत त्यांची नात. त्यांच्या पिशवीत केसांत बांधायची घुगरी-टोपली, गळ्यातली हासली आणि हातातल्या बलिया होत्या. बलिया आता प्लास्टिकच्या, बाकीची चांदी जुनी. नातीने सांगितलं, आजीच्या आईकडे याच्या तिप्पट होती. शहरातून येणारे व्यापारी तांड्यावर वजनाने घेऊन गेले आणि पुढे ती ‘आदिवासी दागिने’ म्हणून मोठ्या शहरांत, परदेशांत विकली गेली. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येते आणि देशाबाहेर नेता येत नाही. पण तांड्यावरून वजनाने निघालेल्या चांदीचं वय कोण विचारतो?

मी घुगरी-टोपली कापडावर आडवी ठेवली. याडींनी ती उचलली. लग्न झालेल्या बाईच्या केसांत कानाशेजारी लोंबते ती वस्तू अशी पडलेली ठेवायची नाही, असं त्या म्हणाल्या. नात मराठीत सांगत होती, पण अर्थ त्यांच्या चेहऱ्यावरून आधीच कळला होता. आडवी ठेवली की ती मेलेल्या बाईची होते. मग लाकडी ठोकळ्यावर कापड गुंडाळून डोक्याएवढा आकार केला, त्यावर ओढणी घातली, आणि याडींनी स्वतः दोन्ही बाजूंना बांधणी केली. सभागृहातली सगळ्यात नीट मांडलेली वस्तू आता ती आहे. पाटीवर ‘मांडणी’ या शब्दापुढे त्यांचं नाव घालू का, असं विचारलं. त्या हो म्हणाल्या, मोठ्या अक्षरात घाला म्हणाल्या.

संध्याकाळी सात

टेबलावर यादीचं छायाचित्र, वही, जुन्या चांदीच्या दरांचं टिपण. आता मुख्य पाटी.

आजींच्या कागदावरचा आकडा सकाळपासून डोक्यात आहे. साठ तोळे चांदीवर पंचवीस रुपये. सावकार कठोर होता एवढं म्हणून थांबता येत नाही, त्यामागचा हिशेब पाहावा लागतो. इंग्रजी रुपया एक तोळ्याचा, त्यात सोळापैकी जवळजवळ पावणेपंधरा हिस्से शुद्ध चांदी. टांकसाळीत चांदी नेऊन दिली की थोडी मजुरी कापून तेवढ्याच वजनाचे रुपये मिळत. म्हणून खेड्यातला हिशेब सरळ होता: सोनाराला तीस रुपये द्यायचे, तो तीस तोळ्यांचे तोडे देई, वर घडणावळ. वेळ आली की तोड्यांचे पुन्हा साधारण तीस रुपये होत. शेतकऱ्याने चांदीवर विश्वास टाकला तो अडाणीपणाने नव्हे. सरकारच्याच टांकसाळीने त्या विश्वासाला आधार दिला होता.

१८९३ च्या जूनमध्ये तो आधार काढून घेतला. जगात चांदी स्वस्त होत चालली होती, रुपया घसरत होता, आणि सरकारला दरवर्षी लंडनला मोठी रक्कम पौंडांत पाठवावी लागे. म्हणून टांकसाळी लोकांच्या चांदीला बंद केल्या. रुपयाची किंमत पुढे सोळा पेन्सवर, म्हणजे आण्याला एक पेनी अशी टेकवली. चांदी मात्र खाली जातच राहिली. १८९९ मध्ये एका रुपयातल्या चांदीची बाजारातली किंमत दहा आण्यांच्या आसपास होती. ज्या साठ तोळ्यांचे आधी साधारण साठ रुपये झाले असते, त्याचे आता साडेसदतीस. हाही लंडनचा भाव. १८९६-९७ चा दुष्काळ नुकताच होऊन गेलेला, त्याच्या पाठोपाठ १८९९-१९०० चा आलेला, आणि गावातलं प्रत्येक घर एकाच महिन्यात चांदी काढतं आहे, अशा वेळी खेड्यात तो भाव कुठून मिळणार? सावकाराने पंचवीस दिले.

बाईने पायातून तोडे काढले त्याआधीच सिमल्याच्या एका कचेरीत त्यांची तिसऱ्या हिश्श्याहून जास्त किंमत पुसली गेली होती. तिला हे कधी कळलं नसेल. माझ्या मते एकोणिसाव्या शतकातल्या वऱ्हाडी दागिन्यांबद्दल सांगण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे, आणि दागिन्यांच्या प्रदर्शनात ती मी अजून पाहिलेली नाही.

पाटी चारदा लिहून अशी झाली:

“चांदीची सरी, १२ तोळे. अकोला जिल्हा, एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध. मागच्या बाजूचे दोन घाव गहाण ठेवताना चांदी तपासल्याचे. शेजारी गहाणाची यादी, शके १८२१, बाळापूर तालुक्यातील एका शेतकरी घरातून. यादीतले ६० तोळे दागिने परत आले नाहीत. १८९३ पूर्वी या सरीचे सुमारे १२ रुपये होत. १८९९ मध्ये तिच्या चांदीची किंमत सुमारे साडेसात रुपये होती. तराजूच्या दुसऱ्या पारड्यात त्या काळचे १२ रुपये ठेवले आहेत.”

तराजू सोनारकाका देणार आहेत, त्यांच्या आजोबांचा. बारा रुपये त्यांच्या ओळखीच्या एका नाणेसंग्राहकाकडून आठवड्यासाठी मिळतील.

रात्री साडेनऊ

सरांचा फोन. त्यांनी यादीचं छायाचित्र घरी बायकोला दाखवलं होतं. मधली जागा तराजूला देऊ म्हणाले, सोन्याची छायाचित्रं डावीकडच्या भिंतीवर, कापसाच्या नकाशाशेजारी. निजामाच्या पंचवीस लाखांची ओळ जरा वादाची होईल, असं त्यांचं मत. मी करार आणि साल दोन्ही दिलं आहे, ओळ राहू द्या म्हटलं. घुंगरमाळेलाही होकार मिळाला.

मग आजींच्या नातवाचा निरोप आला: आजी रविवारी येतो म्हणते, खुर्ची असेल का, आणि वाचून दाखवायला कुणी असेल का. दोन मुलींना फोन करून मोडीतली यादी त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घेतली. ‘करदोडा’वर एक अडखळली, मोडीतला द तिला ओळखू आला नाही. उद्या नऊ वाजता सभागृहात पुन्हा वाचू असं ठरलं. प्रेसला कळवलं आहे की पाट्यांची अक्षरं दुप्पट करा आणि त्या बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला लावायच्या आहेत, त्या हिशेबाने कापा.